उताऱ्यात नसलेलं कारण

अमरावती,
३ डिसेंबर २०२५

प्रिय रागिणी,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीचं लिहिलं. आपल्या बी.एड.च्या वर्गात त्या दिवशी तुझं एकटीचंच उत्तर चुकलं, असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. बरोबर तुझं एकटीचंच होतं. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘जाऊ दे न वं’ म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहून पाठवते आहे.

परवा सराव पाठासाठी श्रावणी मॅडमनी मला त्या दिवशीचाच उतारा दिला. सातवीच्या मुलांसाठी प्रश्न काढायला बसले. माझी सवय तुला ठाऊक आहे, प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातली ओळ लिहून ठेवते, मुलांनी विचारलं तर फजिती नको. उतारा तुला आठवत असेल: एका शाळेत वाचनालय सुरू झालं. त्याच वर्षी गणिताला नवे सर आले. पुढच्या वर्षी निकाल वाढला. तो कशामुळे वाढला? मी ‘वाचनालयामुळे’ असं लिहिलं आणि ओळ शोधू लागले. पुन्हा पुन्हा वाचलं. ओळ नाहीच.

तेव्हा तू उभी राहून हेच म्हणाली होतीस, ‘मॅडम, यात तं दोन गोष्टी झाल्या. कोणती कामी आली, हे कुठीच लिहेल नाई.’ मॅडम हसून म्हणाल्या, ‘सांगता येत नाही, हे उत्तर शिक्षकाला शोभत नाही.’ मागून ईशान म्हणाला, ‘हिले पोरायनं काही इचारलं तं हे सुट्टीच देऊन देईन.’ सगळा वर्ग हसला. तू खाली बसलीस ती बसलीसच.

काल मी ईशानला ओळ दाखव म्हटलं. म्हणतो कसा, ‘अवं, वाचनालयाचा उतारा हाय, तं कारण वाचनालयच राहीन ना. त्या सरायसाठी कोण उतारा लिहून राहिलं?’ मला हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण मीही तसंच वाचत आले. पाठाच्या टाचणात ‘मूल्य’ हा रकाना भरायचा असतो. म्हणून उतारा हातात आला की आपण आधी तात्पर्य काढतो आणि ओळी त्याला जुळवून घेतो. तेल्हाऱ्याला आमच्या घरी तर औषधाच्या डब्यावरचं असो की बँकेच्या मेसेजमधलं, मी वाचलं की बाबा आईला दटावतात, ‘पोरीनं वाचलं ना, आता मधात बोलू नको.’ माझ्याआधी आमच्याकडे कोणी शाळेत गेलं नाही. छापलेल्यालाही प्रश्न विचारता येतो, हे मी तुझ्याकडून शिकले, तेही इतक्या उशिरा.

मॅडम मनानं वाईट नाहीत. तू तापानं पडलीस तेव्हा हॉस्टेलवर मुगाची खिचडी त्यांनीच आणली होती. पण वर्गात त्यांना कोणी उलटून विचारत नाही, आणि अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. बाबांनी गावभर सांगून ठेवलंय, पोरगी मॅडम होणार.

दिवाळीनंतर तू दर्यापूरहून परतली नाहीस. ‘माह्यं डोकं शिकवायच्या कामाचं नाई’ म्हणालीस आणि कॉलेजातून तुझे मूळ कागद काढून आणायला मला सांगितलंस. तुझ्या सहीचा अर्ज माझ्या पेटीत आहे. मी तो अजून दिलेला नाही. आधी मला माझा पाठ घेऊ दे. मॅडम आणि आपले काही जण मागे बसलेले असतील. तो प्रश्न मी फळ्यावर लिहीन आणि खाली उत्तर लिहीन, ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही.’ नंतरच्या चर्चेत मॅडम विचारतील तेव्हा हे उत्तर कोणाचं आहे, तेही सांगीन. तू ये. मागच्या बाकावर तुझी जागा धरून ठेवते. एवढं पाहूनही कागद हवेच असतील, तर तुझ्यासोबत ऑफिसात येईन, शब्दानं अडवणार नाही. पाठ गुरुवारी आहे, अकरा डिसेंबरला.

तुझ्याच बाकावरची,
अपेक्षा