सरकीच्या गोदामातली शाळा

प्रिय सर,

तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा लेखक तुम्ही भर वर्गात बाकावर उभा केला असता, ठाऊक आहे मला. पण आज सकाळी आपल्या शाळेत उंदीर पडला. मला भीती वाटते आहे, आणि ती सांगावी असा माणूस गावाबाहेरच्या या झोपड्यांत कुणी सापडत नाही. जो भेटतो तो माझ्याइतकाच घाबरलेला.

आपली शाळा म्हणजे तुमची ती कौलारू इमारत नव्हे, सर. तिला कुलूप आहे. प्लेग यंदाही थंडीबरोबर आला. दिवाळीनंतर गाव ओस पडलं आणि मंडळी शेतांत राहायला आली. शाळेची कौलं उतरवली आहेत, उन्हाने भुई भाजून निघावी म्हणून. तुम्ही ज्या खिडकीशी उभे राहून आमच्या चुका मोजायचात, तिथून आता नुसतं आभाळ दिसतं.

मग शाळा भरते कुठे? आपल्या नथूच्या जिनात, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. नथू आठवतो ना? भूमितीच्या तासाला ज्याच्या डब्यातलं लोणचं सगळ्या वर्गात फिरायचं! आता त्याला सारे नथुशेठ म्हणतात आणि तो आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आहे.

तुम्ही या मंडळाला हसायचात. वर्षातून एकदा जमायचं, जेवायचं, फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटू म्हणून पांगायचं, असं मंडळ काय कामाचं, म्हणायचात. तुम्ही गेलात, पाठोपाठ दोघे मास्तर भीतीने देशावर निघून गेले, आणि एका सकाळी आमच्या ध्यानात आलं की, आता शाळा म्हणजे आम्हीच. वकील झालेला सदाशिव इंग्रजी शिकवतो. अक्कलकुव्याला जंगल खात्यात असलेला दौलत पाडवी रजा काढून आला आणि भूगोल घेऊ लागला. माझ्या साप्ताहिकाच्या छपाईचे खिळे जुळवता जुळवता मी मराठी शिकवतो. चांगलं शिकवतो की नाही, ते विचारू नका.

मजूर पळाल्यामुळे नथूचं जिन यंदा बंद होतं. त्याने गठाणींचं गोदाम रिकामं करून दिलं. दगडी फरशी, वर पत्रा, भिंतींना नवा चुना. आम्हाला केवढा आनंद झाला होता, सर! धान्याला उंदीर येतो हे आता पोरंसोरंही जाणतात. म्हणून आम्ही आवारातली ज्वारीची पोती हलवली, बाजरी हलवली, रखवालदाराच्या घरची डाळसुद्धा उचलायला लावली. दौलतने कोपरान् कोपरा पाहिला. मग नथूने नारळ फोडला आणि वर्ग सुरू झाले.

आणि फळ्यांच्या पडद्यापलीकडे सरकीचा ढीग तसाच राहिला.

दडवला कुणीच नव्हता. रोज येता-जाता आम्ही सगळे तो पाहत होतो. पण आम्ही कापसाच्या गावची माणसं. सरकी म्हणजे गाईम्हशींच्या दुधाची धार, एवढंच आम्हाला ठाऊक. लहानपणी तिच्यावर लोळलो, उड्या मारल्या. सरकी हाही दाणाच आहे, उंदराला ती ज्वारीइतकीच गोड लागते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाहेरगावचा माणूस असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की हा ढीग इथे कशाला?

मॅट्रिकची मुलं अभ्यासासाठी रात्रीही तिथेच झोपतात. त्यांच्यात तुमचा लेक मनोहरही आहे. उंदीर त्यालाच दिसला. सकाळी अंथरूण गुंडाळत होता, तेव्हा फळ्यांखालून तो झोकांड्या खात आला, उशाशी गोल फिरला आणि आडवा झाला. मनोहरने त्याच्यावर रॉकेल ओतलं, जाळला, मग माझ्या झोपडीशी येऊन लांबूनच उभा राहिला. "काका, उंदीर पडला. मी हात लावलेला नाही. तुम्ही जवळ येऊ नका," म्हणाला.

किती तुमच्यासारखं बोलला, सर!

तेव्हापासून मी त्याच्याकडे चोरून पाहतो आहे. आत्ता दुपार आहे. तो समोर बोरीखाली उन्हात बीजगणित सोडवत बसला आहे. मघाशी त्याने काखेत हात घातला आणि मला वाटलं, प्लेगची गाठच आली. त्याला घाम आला होता, इतकंच. जांभई दिली की वाटतं ग्लानी आली. पाय चोळला की वाटतं जांघेत दुखतंय. त्याने लस टोचून घेतली आहे, आम्ही सगळ्यांनीच घेतली आहे. पण तुम्हीही घेतली होतीत ना?

सकाळीच मंडळाची सभा झाली. आंब्याखाली बसलो, एकमेकांपासून जरा जरा अंतर सोडून. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे आहेत. मागच्या खेपेला ते सदाशिवला बजावून गेले आहेत की पक्क्या छपराखाली चालू वर्ग दिसले नाहीत, तर मान्यता काढावी लागेल. मान्यता गेली की मॅट्रिकच्या मुलांना शाळेच्या नावावर परीक्षेला बसता येणार नाही. मनोहर यंदा पास झाला, तर त्याला आपल्या कचेरीत चिकटवून घ्यायचं दौलतने ठरवून ठेवलं आहे. तुमच्यामागे काकूंचं पुढचं सारं त्याच्यावर आहे. नाशिकहून भावाने बोलावलं तरी त्या गेल्या नाहीत, त्या ह्याच एका परीक्षेपायी.

नथूने हे सगळं सावकाश मांडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एकच उंदीर शे. मनोहरनी तो जाळी टाका, भुई धोई टाकी. साहेब सोमवारले ई आन मंगळवारले चालना जाई. मंग तू सांगशी तठे शाळा लई जाऊत."

त्याचा राग करू नका, सर. मीही करत नाही. आठवडाभर फिनेल ओतून स्वतः फरशी धुणारा माणूस आहे तो. त्याचा धाकटा भाऊही मॅट्रिकलाच आहे आणि त्याच गोदामात झोपतो.

तेवढ्यात भिका पाटील उठला. आपला भिका, वर्गात शेवटच्या बाकाचा वतनदार! त्याच्या मळ्यापलीकडे मिरच्या वाळवायची पथारी आहे, उघडंबोडकं लालभडक मैदान. तो म्हणाला, "मन्ही पथारी ल्या. मिरचीमा उंदीर येस नही, आन पोरेसले झोप बी लागाव नही."

"तू तठेच बठीसन शिकना का रे?" नथू म्हणाला. "म्हनीसनच परीक्षामा दर साल पडे."

हसलो आम्ही. खरंच हसलो, आणि हसू अर्ध्यातच थांबलं. पथारीला छप्पर कुठे आहे? साहेबांना काय दाखवायचं, पोरं आणि मिरच्या? सदाशिव म्हणाला की, कायद्याने ती शाळाच ठरणार नाही. दौलत काडीने मातीत रेघा ओढत राहिला.

काकू कधी येऊन उभ्या राहिल्या, ते कळलं नाही. सगळं ऐकलं असावं त्यांनी. आवाज चढवला नाही. नथूला इतकंच विचारलं, "तुझा भाऊ सोमवारपर्यंत त्या गोदामात झोपेल का रे?"

"झोपी, काकू," नथू म्हणाला. "तो तठेच झोपस."

"मग आईला विचारून ये. उंदीर पडल्याचं सांग आणि विचार. मी इथेच बसते."

त्या मातीतच बसल्या. नथू उठला. त्याची झोपडी समोर दिसत होती, म्हातारी दारात तूर निवडत होती. तो थोडा चालला, थांबला, टोपी काढून पुन्हा घातली. म्हातारीने मान वर करून त्याला हाकही मारली. सर, त्याला पुढे जाता येईना! परत येऊन तो आमच्याकडे पाठ करून बसला आणि सभा कसलाही ठराव न करता उठली.

जाताना नथू माझ्यापाशी थांबला. अंकात शाळेविषयी चार ओळी येऊ दे, म्हणाला. शाळा उत्तम जागेत सुरू आहे, पालकांनी काळजी करू नये, अशा. "मी अध्यक्ष शे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पन चिटनीस तू शे. तुले पटी ते छाप."

आज शुक्रवार. संध्याकाळपर्यंत मजकूर बसवला नाही, तर अंक उद्याच्या गाडीला जात नाही. इतकी वर्षं मी वेळेवर मजकूर देत आलो. कुणाचा मृत्यू असो, कुणाची मिरवणूक असो, माझा हात कधी अडला नाही. आज दुपारपर्यंत कागद कोरा होता.

सर, एक विचारू? गेल्या साली तुम्ही आम्हा सगळ्यांना गावाबाहेर काढलंत आणि स्वतः त्या इमारतीत परत का गेलात? पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागेल म्हणून! तुम्ही पुस्तकं उन्हात घालत बसलात. घरी आलात ते तापानेच फणफणत. छावणीच्या दवाखान्यात तुमच्या ओठांशी कान नेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, शाळा बंद पडू देऊ नका. ते वाक्य आम्ही सर्वांना सांगितलं. माझ्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत छापलं. त्याच्याच जोरावर आम्ही मंडळी नोकऱ्या-धंदे सोडून धावलो.

पण ते म्हणताना तुमच्या अंगात ताप किती होता, हे कुणीच लक्षात घेतलं नाही. तुम्ही चुकलात, सर. लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण चुकलात. पुस्तकं पुन्हा मिळाली असती. काकू वर्षभर एकट्या चूल पेटवतात, ते पुन्हा कसं भरून यायचं?

आणि मनोहर? तासाभरापूर्वी तो माझ्याकडे गोदामाची किल्ली मागायला आला. तुमची ती पुस्तकं आम्ही गोदामात आणून ठेवली आहेत ना! "बाबांनी जपलेली आहेत, एकदाच आत जाऊन काढून आणतो," म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता. तुमचाही असाच होता त्या दिवशी. तेव्हा मी तुमच्यासमोर बोलू शकलो नव्हतो, तुम्ही हेडमास्तर होतात. त्याच्यासमोर बोललो. नाही म्हणालो. तो रागावून बोरीखाली जाऊन बसला. रागावू दे.

तो गेल्यावर कागदावर ओळी उतरल्या. खिळ्यांत जुळवूनही झाल्या. गोदामात उंदीर पडला आहे, ते आजपासून बंद. मॅट्रिकच्या मुलांचं अंथरूण-पांघरूण जाळावं आणि घरच्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावं. सोमवारी शाळा भिका पाटलांच्या पथारीवर भरेल. खाली मंडळाचं नाव आणि चिटणीस म्हणून माझं. नथूला मजकूर दाखवायला गेलो, तर त्याने तो वाचला, परत दिला आणि आईच्या झोपडीकडे चालू लागला. या वेळी थांबला नाही.

माझी भीती गेलेली नाही, सर. आणखी काही दिवस मी रोज सकाळी त्या मुलांचे चेहरे पाहीन आणि मगच श्वास घेईन. साहेबांची वेगळी भीती आहे. पथारी पाहून ते कदाचित टांग्यातून उतरणारही नाहीत. शाळेची मान्यता जाईल, नाव जाईल, तुमचे कष्ट मातीत जातील. मग आम्ही काय करू? धुळ्याला आपल्या शाळेची चार जुनी मुलं नोकरीला आहेत. दौलत म्हणतो, मॅट्रिकच्या पोरांना त्यांच्या घरांत वाटून ठेवू, तिथल्या शाळेत विनवण्या करू, पुढच्या साली परीक्षेला बसवू. एक वर्ष वाया जाईल. कचेरीतली ती जागाही कदाचित जाईल. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, वर्ष परवडेल.

शाळा बंद पडू देणार नाही, हा तुम्हाला दिलेला शब्द मी पाळेनच असं आता सांगवत नाही. एक दुसरा देतो. शाळा राहिली तर तुमची म्हणून राहील, गेली तर आमच्या हातून गेली असं मी स्वतः छापीन. पण मनोहरला तुमच्या भेटीला यायची घाई आम्ही करू देणार नाही. वाट पाहा, सर. तो येईल, पण केस पिकल्यावर, नातवंडांना मागे ठेवून येईल. तोवर त्याला रागवायचं काम माझं.

तुमचा विद्यार्थी,
आणि सध्या तुमच्या शाळेचा मराठीचा मास्तर,
यशवंत