कॅरिअरवरचं ओझं

९ नोव्हेंबर १९८६
आलो एकदाचा! नागभीडहून निघालो, बसा बदलल्या आणि गावाची दुपारची बस चुकली म्हणून शेवटचा टप्पा धानाच्या बैलबंडीवर सायकल टाकून केला. पोस्टमास्तर गुणवंतराव सायकल पाहून हसायलाच लागले. डोंगरावरच्या गुट्टेपाडीला डाक न्यायची आणि परतीची थैली आणायची, हे माझं काम. आजवरचे सगळे डाकवाले पायीच गेले. मी म्हटलं, जिल्ह्याच्या शर्यतीत पहिला आलेला गडी आहे, सायकलवरच जाईन. राहायची सोय केसरबाईंकडे झाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. जवसाची चटणी आणि गरम भात. पोट फुटेस्तोवर जेवलो.

१३ नोव्हेंबर
काय वाट आहे! एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ दरी आणि खाली बांबूचं रान. लाल लोखंडी खडी चाकाखालून निसटते. चढताना पायडलवर उभं राहावं लागतं, उतरताना बूड सीटच्या पार मागे न्यावं लागतं आणि पुढचा ब्रेक नुसता चाटायचा, नाही तर गडी हँडलवरून खाली. मडगार्ड काढून टाकले. वर पोचलो तेव्हा मांड्या लटलटत होत्या, पण सूरजागडचे डोंगर पार दूरपर्यंत दिसत होते. मी एकटाच मोठ्याने ओरडलो.

१९ नोव्हेंबर
गुणवंतरावांच्या डोक्यात एक कल्पना आली आहे. मी दुपारच्या बसच्या आधी खाली आलो, तर वरची डाक त्याच दिवशी पुढे जाईल. आजवर असं कधी झालं नाही. त्यांनी गावभर सांगून टाकलंय. शनिवारी बाजार आहे, लोक बघायला थांबणार आहेत. मला कधी एकदा शनिवार येतो असं झालंय.

२२ नोव्हेंबर
बस गाठली! ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गुणवंतरावांनी झेंडूचा हार घातला, हॉटेलवाल्याने चहा पाजला. बाजारातली माणसं सायकलला हात लावून बघत होती.

एक लिहायचं राहिलं. उतारावर, वरच्या वळणाशी, सोमारी नावाची बाई भेटली. गुट्टेपाडीचीच, मी ओळखतो तिला. मांडीवर तापलेली पोर. तिचा पाय मुरगळला होता, चालवत नव्हतं. म्हणाली, "भाऊ, पोरीले मांगं बसव. दवाखान्यात ने. अंगात आग हाय." मी म्हटलं, "वाट वाईट हाय बाई, पोर पडन. इथीच थांब, खालून मानसं धाडतो."

वाट वाईट होतीच. धाडणारही होतो. पण हार, चहा, गप्पा. मग अंधार पडला. कोणीतरी गेलंच असेल त्या वाटेने.

२३ नोव्हेंबर
कोणीच गेलं नाही.

मी थांब म्हटलं म्हणून सोमारी तिथेच बसून राहिली. पोर तिच्या मांडीवर गेली. सकाळी लाकडं आणायला गेलेल्यांना ती दिसली. केसरबाईंनी मला सांगितलं आणि डोळे पुसले. गुणवंतरावांनी विचारलं, तुला वाटेत कोणी दिसलं होतं का. मी नाही म्हटलं. हार अजून खिळ्याला लटकतोय. काढायला हात उठत नाही.

२७ नोव्हेंबर
आज वर जावंच लागलं. सोमारी आंगणात बसली होती. तिने कोणालाच काही सांगितलेलं नाही. मला म्हणाली, "मानसं भेटली नसन ना तुले, भाऊ?"

मी मान हलवली. हो, भेटली नाहीत. तिने मला पाणी दिलं. मी ते प्यालो. असा कसा प्यालो मी?

उतरताना त्या वळणाशी सायकल एकदम जड झाली. मागचं चाक बसलं. उतरून बघितलं, हवा ठीक होती. थैली माझ्या खांद्याला, कॅरिअर रिकामं.

१ डिसेंबर
पुन्हा तिथेच. आज उतरलो नाही, तसाच दामटत राहिलो. कमरेला दोन हात धरले गेले. लहान. शर्टातून चटका बसत होता. गावात येऊन कॅरिअरला हात लावला. एवढ्या थंडीत लोखंड तापलेलं.

४ डिसेंबर
सायकल घरीच ठेवली, पायी गेलो. चूक झाली. वळणाशी ती पाठीवर आली — गळ्याला मिठी — कानापाशी श्वास, भट्टीसारखा. रडत नाही. काहीच मागत नाही. नुसती धरून असते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

केसरबाई विचारतात, अंगावर हे भाजल्याचे डाग कशाचे. मी सांगत नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

६ डिसेंबर
सायकल घेऊन वर गेलो. सोमारीला सगळं सांगितलं. बस, हार, चहा. मी कोणालाच शोधलं नव्हतं. गुणवंतरावांना नाही म्हणालो, तेही.

वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे बघत होती. लंगडत आली, अंगावरची चादर काढली आणि रिकाम्या कॅरिअरवर पांघरली. कडा आत खोचल्या — खाली पडली नाही चादर — काहीतरी होतं तिच्या खाली, फुगलेलं —

म्हणाली, "आता थांबू नको."

६ डिसेंबर, दवाखाना
थांबलो नाही. वळणावरही नाही. गावातून जाताना गुणवंतरावांनी हाक मारली. थांबलो नाही. हात होते कमरेला. सैल पडत होते —

व्हरांड्यात बसून लिहितोय.

सिस्टर बाहेर आली. मला वाटलं, रिकामी चादर बघून हसेल. ती धावली. दोन्ही हातांनी उचलून आत नेलं. मला चादरच दिसते. तिला —

ओरडली माझ्यावर. केवढी तापली आहे पोर, इतका वेळ कुठी होते तुम्ही.

कागद घेऊन आली आहे. समोर उभी आहे. पोरीचं नाव विचारते.

नाव.

मी कधी विचारलंच —