लाल बेडकीचे मागचे दिवे

उद्यमनगर, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय जोत्या,

माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, खिशात फोन असताना हा बाबा पत्र कशाला लिहितोय. फोन केला होता रे. गेल्या पंधरा दिवसांत दोनदा. तू ‘कोण बोलतंय?’ म्हणालास की मी कट करायचो. तुझ्याकडे माझा नवा नंबर नाही, म्हणून निभावलं. तर तो वेडा मीच.

इकडचं म्हणशील तर ठीक चाललंय, म्हणजे चालत काहीच नाही. ललिता जाऊन दीड वर्ष होईल. तिच्या दिवसांना तू कुरुंदवाडहून आलास, कोपऱ्यात बसलास आणि चहासुद्धा न घेता उठलास, ते लक्षात आहे माझ्या. पोरं पुण्यात. रविवारी व्हिडिओवर दिसतात, गोळ्या घेतल्या का विचारतात. मी घेतल्या म्हणतो. सकाळी चहा अजून दोन कपांचाच होतो, हात ऐकत नाही. दुसरा कप दुपारी गार पितो. गॅरेज उघडतो, पण आताच्या गाड्यांना कॉम्प्युटर लावतात, मला कोण विचारतोय? एखादा ट्रॅक्टर, एखादी जुनी जीप आली तर आली. नाहीतर दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. संध्याकाळी शटर ओढताना मोठ्यानं ‘चला’ म्हणतो, आवाज शाबूत आहे का बघायला.

दिवाळी झाली आणि मी लाल बेडकीवरची ताडपत्री काढली. आहे अजून, मागच्या शेडमध्ये. सत्तावीस वर्षं तिला विकलीही नाही आणि हातही लावला नाही. ललितानं दोनदा भंगारवाला बोलावला होता, दोन्ही वेळा मी त्याच्याशी भांडलो. तुला आठवतं, तू मंडळांना फायबरचे हत्ती करून द्यायचास आणि एका गणपतीनंतर म्हणालास, अण्णासो, हत्ती हुतोय तर गाडी का न्हाय हुनार? भंगारातली चासी, जुन्या गाडीचं इंजिन, तुझी फायबरची बॉडी आणि माझं वायरिंग. दोन सीटची स्पोर्ट्स कार, आख्ख्या कोल्हापुरात तशी दुसरी नव्हती. गल्लीतल्या पोरांनी तिला बेडकी म्हटलं आणि तू दोन दिवस रुसलास. खंडेनवमीला तिच्यासमोर नारळ फोडताना तुझे डोळे भरले होते. मी चेष्टा केली, पण माझेही भरले होते.

मागचे दिवे मात्र पहिल्या दिवसापासून मंद. निखाऱ्यावर राख बसावी तसे. तू दहा वेळा म्हणालास, अण्णासो, दिवं बग की. मी म्हणायचो, बल्ब हलका आहे, बॅटरी जुनी आहे, तू तुझं फायबर सांभाळ, निम्म्या कोल्हापूरच्या ट्रकांचं वायरिंग मी करतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आता दिवे तपासायचे म्हणजे दोन माणसं लागतात, हे तुला ठाऊक आहे. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून ‘लागला’ म्हणायचं. आधी तू म्हणायचास. तू गाव सोडल्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्यांना ललिता हातातलं पीठ झटकत यायची आणि म्हणायची. आता ब्रेकवर वीट ठेवून मी मागं पळत जातो, तोवर वीट पडलेली असते. शेवटी बेडकीला नवी बॅटरी, नवा फ्यूज आणि मागं नवे दिवे घातले, ललिताची पितळी परात घासून भिंतीला टेकवली, गाडी तिच्याकडे पाठ करून लावली आणि सीटवर बसून आरशात बघितलं. परातीत दोन लाल ठिपके, तरीही मंद. जरा वेळ तसाच बसून राहिलो. काम होतं म्हणून नव्हे. परातीकडे बघून बसलो.

हे सगळं आत्ताच का, तर तुझा आदर्श दिवाळीआधी ट्रॉलीचे दिवे जोडून घ्यायला आला होता. उंच झालाय, नाक तुझं. बोलता बोलता हसत सांगून गेला, बाबा रोज सांच्याला रस्त्याला जाऊन हुबं ऱ्हात्यात, बिनदिव्याची गाडी दिसली की हात करून ओरडत्यात, पोरं चिडवत्यात त्यास्नी. आणि म्हणाला, बाबा कधीच स्टेअरिंगला हात लावत नाहीत, घरातल्या ट्रॅक्टरवरही बसत नाहीत. तो गेला आणि मी समोरची वायर तशीच सोडून घरी आलो. तेव्हापासून धड जेवलो नाही.

दोष कुठं होता ते सांगतो. दिव्यातला करंट बॅटरीकडे परत जायला वाट लागते. लोखंडी गाडीत बॉडीच ती वाट, म्हणून दिव्याची दुसरी वायर बॉडीला आवळली की काम झालं. मी आयुष्यभर तेच करत आलो आणि तुझ्या फायबरलाही तेच केलं. फायबरमधून करंट जातो होय? एका गंजक्या पट्टीतून थोडाफार खालच्या लोखंडी चासीपर्यंत पोचायचा, तेवढ्यावर दिवे मिणमिणायचे. परवा चासी घासून चकचकीत केली, दोन्ही दिव्यांना वेगळी काळी वायर ओढली, बोल्ट आवळला. अर्ध्या तासाचं काम. परात लालभडक झाली, जोत्या. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता त्या संध्याकाळचं. अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर, आपण वडगावच्या बाजारातून येत होतो, तू चालवत होतास. सूर्य बुडालेला, पुरता अंधार नव्हता. समोर उसाची ट्रॉली आली, तू वेग कमी केलास आणि मागून दूधवाल्या सयाजीची मोटरसायकल येऊन आदळली. आपण रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीवर गेलो. तुझं डोकं आपटलं, शुद्ध गेली. मला खरचटलंही नाही. रस्ताभर दूध, आणि त्या दुधात सयाजी. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मागचे दिवे फुटले होते, फ्यूज उडाला होता, जमलेल्या लोकांना गाडी अंधारी दिसली. कुणीतरी विचारलं, दिवं लावलं न्हवतं काय? पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे: जोतीराम दिवे लावायला विसरला. तू वर्कशॉप बंद केलंस, सासरवाडीला शेती करायला गेलास आणि दर दिवाळीला सयाजीच्या दारात फराळाचा डबा घेऊन जायला लागलास.

काल मीच सयाजीकडे गेलो. त्याला वायरीचं सांगितलं आणि जे तुला अजून सांगायचंय तेही सांगितलं. मला वाटलं, काठी घालेल. त्यानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “मला कशाला सांगतासा? माझा पाय गेला त्यो गेला. त्यो मानूस सत्तावीस वर्सं माझ्या दारात मान खाली घालून बसतोय. त्येला सांगा जावा.” म्हणून घरी येऊन कागद घेतला.

तुला बाहेर काढून झाडाला टेकवलं होतं, तू बेशुद्ध होतास, लोक सयाजीकडे धावले होते. मी गाडीत वाकून बघितलं. दिव्यांचं बटण बाहेर ओढलेलं, चालू होतं, जोत्या. तू ओढलेलं. मला एका क्षणात सगळं समजलं: मंद दिवे कुणाच्या वायरिंगचे, तू दहा वेळा काय सांगत होतास, आणि उद्यापासून माझ्या गॅरेजात कोण पाऊल ठेवणार नाही. मी बोटानं ते बटण आत ढकललं. एवढंच केलं. चार दिवसांनी तू शुद्धीवर आलास आणि सगळ्यांत आधी मलाच विचारलंस, अण्णासो, म्या दिवं लावलं हुतं न्हवं? तुला काही आठवत नव्हतं आणि तुझा माझ्यावर विश्वास होता. मी मान हलवून नाही म्हणालो. मनात म्हटलं, जरा बरा होऊ दे, मग सांगू. मग वर्षं गेली, मग लाज वाटायला लागली, मग तुझ्याकडे यायचंच सोडलं. ललितालाही कधी बोललो नाही. माफी मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. तू त्या दिवशी विचारलंस त्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं. व्हय, जोत्या. लावलं हुतंस. आता संध्याकाळी रस्त्यावर उभा राहू नकोस, घरी जा.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क ज्यानं स्वतःच घालवला तो,
अण्णासो