पाचव्या पिनेवरचा जरीचा धागा

मी, जागेश्वर धोंडबाजी निमजे, वय ७४, धंदा रेडिओदुरुस्ती, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे असले तरी तिने लेखी हरकत घेतलेली नाही. यापूर्वी मृत्युपत्र केले नाही, कारण कामातून सवड नव्हती.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. यमुना हिला. आम्हाला मूलबाळ नाही. घरातले अकरा रेडिओ दुकानात हलवा, ही तिची मागणी १९९४ पासून प्रलंबित आहे. ती माझ्या मृत्यूच्या दिवसापासून मंजूर समजावी.

२. शेजारचे घड्याळवाले गिरिधर यांनी माझा, वस्तू घट्ट धरायचा लहान शिकंजा दोन दिवसांसाठी नेला, त्याला नऊ वर्षे झाली. तो मी त्यांनाच देतो, म्हणजे निदान माझ्यामागे तो त्यांच्याकडे कायदेशीरपणे राहील.

३. रेडिओत बसणाऱ्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हची पेटी पुण्याचे गौरांग यांना. ते जुने अ‍ॅम्प्लिफायर वाजवतात आणि बूड सैल झालेले व्हॉल्व्ह मला कुरिअरने पाठवतात. हे काम करणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही, बिघडवणारे पुष्कळ आहेत. म्हणून पद्धत इथेच लिहितो. वकील वैदेहीबाई म्हणाल्या, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

४. व्हॉल्व्हची काच वर, काळे बूड खाली. मधल्या सिमेंटचा इतक्या वर्षांत भुगा होतो आणि काच बुडात फिरू लागते. काचेतल्या उघड्या तारा बुडातून खालच्या पिनांमध्ये जातात. काच धरून व्हॉल्व्ह काढला तर तारांना पीळ बसतो, त्या एकमेकींना लागतात आणि कारभार आटोपतो. म्हणून धरायचे ते बूड. वरून झटपट गोंद ओतणाऱ्याने माझ्या दुकानाची पायरी चढू नये. पिनांचे कथलाचे डाग वितळवून बूड उतरवावे आणि प्रत्येक तारेवर रेशमाचा धागा गच्च गुंडाळावा, म्हणजे वीज एकीतून दुसरीत जात नाही. पूर्वीचे कारागीर त्यासाठी बारीक नळ्या घालत. आमच्या घरी वडिलांचा माग होता, साडीच्या काठाचे रेशीम डबाभर उरले होते. मग तारा आपापल्या पिनेत, कडेने स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि मे महिन्यात दोन दिवस उन्हात पत्र्यावर. इतर महिन्यांत पाच दिवस.

५. आता आईच्या रेडिओचा व्हॉल्व्ह. तो वरील पेटीत नाही.

१९८७ साली आमची आई, जनाबाई, अंथरुणाला खिळली होती. सकाळची भजने ऐकल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे. तिच्या रेडिओतल्या एका व्हॉल्व्हचे बूड मी बसवून दिले. सहा महिन्यांनी रेडिओ बंद पडला. तसा दुसरा व्हॉल्व्ह गावात मिळाला नाही. नवव्या दिवशी आई गेली. ते नऊ दिवस ती आधी रेडिओकडे पाहायची, मग माझ्याकडे.

धाकटा भाऊ हेमराज आणि मी दुकान मिळून चालवत होतो. रेडिओ बंद पडायच्या आदल्या दिवशी त्याने धूळ पुसायला तो व्हॉल्व्ह काढला होता. तेरवीच्या पंगतीत, सगळे पाटावर बसलेले असताना, मी म्हणालो, "यानं काच पिळली. मायले शेवटी भजन ऐकू देल्लं नाही यानं."

हेमराज म्हणाला, "दादा, एकदा बूड उघडून तं पाह्य."

मी उघडले नाही. मला सगळे ठाऊकच होते. महिनाभरात तो दुकान सोडून उमरेडला खाणीत विजेच्या कामाला लागला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे आले. मी गेलो नाही.

६. मृत्युपत्रासोबतच्या यादीत प्रत्येक वस्तूची स्थिती लिहावी, म्हणून यंदा ऑगस्टमध्ये मी तो व्हॉल्व्ह उघडला. तारा सरळ होत्या. एकीलाही पीळ नव्हता. पाचव्या पिनेच्या तारेवर मी रेशीम समजून जरीचा धागा गुंडाळला होता. वडिलांच्या डब्यात पिवळे रेशीम आणि चकाकी गेलेली जुनी जर एकत्रच होती. जरीत धातू असतो. सहा महिन्यांच्या उष्णतेने शेजारचे रेशीम करपले आणि जरीतून वीज शेजारच्या तारेत गेली. कोष्ट्याच्या पोराच्या बोटांना हा फरक कळू नये, याला माझ्याकडे खुलासा नाही.

सबब नमूद करतो की, हेमराजने काच पिळली नव्हती. चूक माझी होती. मी त्याला पंगतीतून उठवले आणि घरातूनही. याची मला लाज वाटते.

७. दुकान व सर्व हत्यारे हेमराजला. (हे कलम खोडले आहे. जा. धों. नि.)

हाताने वाढवलेला मजकूर: टाइप केलेला मसुदा वाचून वैदेहीबाई म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर हे वाचून हेमराजराव भांडतील कोणाशी?" गेल्या रविवारी एसटीने उमरेडला गेलो. हेमराजने दार उघडले, पाणी दिले. मी व्हॉल्व्ह आणि धागा त्याच्या हातात ठेवला. त्याने चष्मा लावलाच नाही. धागा चिमटीत धरून फिरवला.

"जर आहे," तो म्हणाला.

"हो. मी दुकान तुझ्या नावानं लिहून राहिलो."

"मले नाही पाहिजे दुकान. हे सारं त्या कागदात लिहिलं काय?"

"लिहिलं."

"साक्षीदार कोण?"

"एक सौरव, औषधवाला. दुसरा ठरला नाही."

"मंग मी करतो सही."

मी सांगितले की, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात.

"मंग दुकान खोड," तो म्हणाला.

खोडले. दुकान आता त्याची मुलगी प्रियदर्शनी हिला. तिने मला अजून पाहिलेले नाही. वरील मजकुरावरूनच मत बनवू नये, ही विनंती.

लिहून ठेवणार: जागेश्वर धोंडबाजी निमजे (सही)
स्थळ: नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

जागेश्वररावांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: सौरव पौनीकर (सही)

साक्षीदार २: हेमराज धोंडबाजी निमजे (सही)
साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. मी उभ्याने सगळा वाचला. यात 'अडतीस वर्षे' हे शब्द लिहायचे राहिले आहेत, ते मी लिहितो. बाकी बरोबर आहे.