अर्णवच्या डबल कोलांटीबद्दल, तुम्हाला

फ्लॅट बुश, ऑकलंड
पितृपंधरवडा, २०१६

अहो,

आज तुमची तिथी. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, सगळं रीतीनं केलं आणि घास मागच्या अंगणात ठेवला. पण इथं कावळा आणायचा कुठून? आपला संदीप कुंपणाशी उभा राहून "काव, काव" करत होता आणि सूनबाई हसून बेजार. शेवटी एक सीगल, इथला समुद्रपक्षी, आला आणि वडा उचलून गेला. जन्मभर तुम्ही समुद्र ओलांडला नाहीत, वडा मात्र गेला बघा समुद्रावर!

तर पोटभर जेवला असाल तर आता बसून ऐका. चौथी पास बाईचं अक्षर आहे, कुरकुर करू नका. काल नातवाची स्पर्धा झाली आणि संदीप सकाळपासून फोनवर सगळ्यांना आपल्या सोयीची गोष्ट सांगतोय. मी तिथं होते. तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं.

अर्णव तुमच्यावर गेलाय. मल्लखांब इथं कुठला, म्हणून जिम्नॅस्टिक्स करतो. उंच आडव्या दांडीला धरून गरगर फिरायचं, शेवटी हात सोडायचे, हवेत कोलांटी मारायची आणि गादीवर दोन पायांवर उभं राहायचं. एक कोलांटी त्याच्या आता अंगवळणी पडलीय. हल्ली हवेतल्या हवेत दोन मारायला शिकलाय. त्याला डबल म्हणतात. खाली स्पंजच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा असला की झकास मारतो. पण स्पर्धेत खड्डा नसतो हो, नुसती गादी असते.

आणि त्यावरूनच घरात महाभारत! संदीपचं म्हणणं, बाकीची पोरं डबल घालतात, मग आपलाच का मागं? कोच मटिऊ म्हणतो, "नॉट येट." चांगला धिप्पाड माओरी गडी, पण आवाज लोण्यासारखा. त्याचं म्हणणं, अख्खा खेळ करून दमल्यावर साध्या गादीवर जमू दे, मग बघू. डबलनं गुण वाढतो चिमूटभर आणि पडलं तर जातो पसाभर.

मी मान डोलावली तर संदीप म्हणतो, "आई, तुला यातलं काय कळतं?"

अरे वा! तुमच्या तालमीतून पोरं पडून यायची तेव्हा हळद-तेल कोण चोळत होतं, याची मावशी?

तेव्हा तुमचं बोलणं आठवलं. "करता येतं ते शिकलं. ऐन वेळी सोडून देता येतं, ते मुरलं." मल्लखांबावर नवी पकड करणाऱ्या पोरावर तुम्ही मध्येच ओरडायचात, "राहू दे, साधी कर!" जो गडबडला, त्याला जत्रेत नवी पकड नाही. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस उगाच पोरांना छळतोय.

पण खरं सांगू? तुम्हीही काही कमी अतिरेकी नव्हता. तालमीतल्या त्या दिनकरला मुरवत मुरवत पार लोणचं केलंत! "पुढच्या जत्रेला, पुढच्या जत्रेला." त्याला मिशा फुटल्या, एसटीत कंडक्टर झाला आणि त्याची ती पकड कुणी पाहिलीच नाही. स्वतःच्या बाबतीतही तेच. पासपोर्ट काढलात आणि "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत कपाटात ठेवलात. झालं जाऊन?

म्हणून मी ठरवलं होतं, मधे पडायचं नाही. बाप आणि कोच बघून घेतील. पण काल स्पर्धेला जाताना मोटरवेवर संदीप हळूच पोराला म्हणाला, "बेटा, एकदा वर चढलास की कोच काय करणार? मार डबल."



"गाडी चालव मुकाट्यानं," मी मागून म्हटलं. "मान पोराची मोडेल, तुझी नाही."

"आई, प्लीज!"

"कसलं प्लीज? तुला एवढी हौस असेल तर तू चढ दांडीवर. पोट आवर आधी."

अर्णव खिडकीबाहेर बघत बसला. एरवी असल्या बोलण्याला खिदळतो. काल हसलासुद्धा नाही.

हॉलमध्ये मी त्याला बाजूला घेतलं. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. म्हटलं, "खरं सांग. वर गेल्यावर नको वाटलं, तर साधी मारशील का?"

"डोन्ट नो, आजी. डॅड विल बी गटेड."

म्हणजे बापाचं तोंड उतरेल म्हणून हा मान मोडून घेणार! "बापाला मी बघते," मी म्हटलं. "जन्मल्यापासून बघतेय."

मग तो जरा वेळ पायातल्या जँडलशी, म्हणजे सपातेशी, चाळा करत राहिला, आणि उठून सरळ मटिऊकडे गेला. संदीप तिथंच उभा. "डॅड वॉन्ट्स द डबल," अर्णव म्हणाला. "आय डोन्ट. नॉट ऑन द मॅट."

काय सांगू, ते ऐकायला तुम्ही हवे होतात! मटिऊ गुडघ्यावर बसला, "स्वीट ॲज, मेट," म्हणाला, म्हणजे "झकास, गड्या", आणि त्याची पाठ थोपटली. मग संदीपला म्हणाला, याआधी कधी "नको" म्हणाला नव्हता हा. आता याला स्वतःहून थांबता येतं, म्हणून सोमवारपासून गादीवर डबल सुरू करू. संदीप आधी लाल झाला, मग कान खाजवत बसला. तुमच्यासारखाच.

अर्णवनं साधी कोलांटी मारली. पाय असे रोवले की खांब पुरल्यासारखा! दुसऱ्या एका पोरानं डबल मारली, पण बिचारं गादीवर फतकल मारून बसलं. आपलं आपण हसतच उठलं, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. आपला तिसरा आला. आता संदीप फोनवर सांगतोय, "आम्ही मुद्दामच साधी ठेवली." आम्ही!

असो. सोमवार येईल. मटिऊ ज्या दिवशी "आता" म्हणेल आणि पोरगंही हो म्हणेल, त्या दिवशी मी "अजून थोडं थांब" म्हणणार नाही, हे माझं वचन. तुमचा नियम त्याला देईन, तुमची धास्ती देणार नाही. छातीत धडधडलं तर धडधडू दे. डोळे उघडे ठेवून बघेन.

तुमची,
तोंडानं अजून तशीच,
शालन