भुलाबाईची गाणी ब्राउझरमध्येच राहू द्या

अहो,

तुमची बायको तिगावला बारशाला गेली आहे, संध्याकाळी येईल.

आई म्हणायच्या त्या भुलाबाईच्या गाण्यांची फाईल त्या नव्या ऑफलाइन सॉफ्टवेअरमध्ये हलवू नका. ते झटकन उघडते, मान्य. ब्राउझरमधले रडतरडत उघडते, तेही मान्य. पण ब्राउझरमधल्या फाईलमध्ये दोन गावांतून एकदम लिहिता येते. अर्धी गाणी बायकोला आठवली असे तुम्ही समजून राहिले. ती सौंसरहून तुमच्या उर्वशीने लिहिली आहेत. पोळ्यापासून तुम्ही भाऊ-बहीण बोलत नाही, म्हणून बायको गप्प होती.

दुपारची जेवणे आटोपली की उर्वशी लिहायला बसते, तिचे नाव वर दिसते. तेव्हा फाईल बंद करून पळू नका. एक ओळ तरी लिहा.

तुमची बायको, सुधा

*(खाली, पेन्सिलीने)*

तुझ्या नवऱ्याने एक ओळ लिहिली. तिने लगेच खोडली आणि खाली टाकले, "दादा, तुले हे गाणं लहानपणापासून येतच नाही!" नवऱ्याने पुन्हा लिहिली, तिने पुन्हा खोडली. तेव्हापासून भांडून राहिलो आम्ही. लवकर ये, माझ्या बाजूने लिहायला कोणी नाही.