तेराशे बावन्नची सायकल

जांभूळवाडी, २ मार्च १९७३

चि. सुग्रीव यास,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि. आई आणि मी खुशाल. विहीर आटली. शाळेत शिकवायला जाण्याआधी मी बाबांच्या सायकलीला घागरी अडकवून लांबच्या मळ्यातून पाणी आणते. आता ती सायकलच जायची वेळ आली आहे. सोसायटीचे चेअरमन मोहनराव म्हणतात, की सत्तावन्न साली सोसायटी निघाली तेव्हा गावभर निरोप पोचवायला तुमच्या बापाला, ज्ञानोबाला, आम्हीच ती दिली, आता माघारी द्या. आई लई भडकली. बाबांनी ती लग्नाआधी परळीच्या कापसाच्या जिनात राबून घेतली, असं तिचं म्हणणं. पण बाबा आता नाहीत, पुरावा कुठून आणायचा? हँडलखाली पितळी बिल्ला आहे, त्यावर उर्दू आकडे आहेत: ۱۳۵۲. यावरून गाडीचं वय काढ. महिनाअखेरीस सभा आहे.
लोभ असू दे, उत्तरही लवकर असू दे.
तुझी ताई, सिंधू

परळी, ९ मार्च

ति. ताईस,
धाकट्याचा सा. जयभीम. वि. वि. तुझं पत्र घेऊन वीज केंद्रातल्या कादरभाईंना गाठलं. त्यांनी एका दमात वाचलं: तेराशे बावन्न, सन हिजरी. म्हणजे आपलं एकोणीसशे तेहतीस! जिंकलो बघ. सोसायटी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. आईला म्हणावं, निर्धास्त झोप. आणि तू घागरी बेतानं अडकव, म्हातारीचं वय झालंय. (सायकलीचं म्हणतोय, आईला वाचून दाखवू नकोस.)
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा सुग्रीव

जांभूळवाडी, १४ मार्च

चि. सुग्रीव यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. सगळं वाचून दाखवलं! आई हसून हसून चुलीपुढून उठली. शहाण्या, तेहतीस साली बाबा अकरा वर्षांचे होते, शेळ्या राखत होते. हे सभेत सांगितलं असतं तर त्या पोरानं सायकल चोरली कुठून, असंच मोहनरावांनी विचारलं असतं.
आई म्हणते, ते हिजरी न्हाई, फसली हाय. बिल्ला सायकलीचा कर भरल्याचा, आणि निजामाच्या कचेरीत तेच साल चालायचं. तिचं लगीन तेराशे त्रेपन्नचं, आणि नवरा सायकलवाला म्हणून तिच्या माहेरी केवढा डौल! फसलीत पाचशे नव्वद मिळवले की आपलं साल येतं. मी मिळवले. बेचाळीस. बाबा वीस वर्षांचे.
कादरभाईंना जयभीम सांग. चूक त्यांची नाही, नुसता आकडा पाठवणाऱ्या तुझ्या ताईची.
सिंधू

जांभूळवाडी, ३० मार्च

चि. सुग्रीव यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. सभा झाली, सायकल आपल्याच दारात आहे. मोहनराव आधी म्हणाले, की निजाम गेला, त्याची फसलीही गेली, असला बिल्ला आम्ही मानत नाही. तेव्हा आई उभी राहिली. तिनं विचारलं, की मग तुमच्या नदीकाठच्या जमिनीचा पट्टा कंच्या सालचा हाय? तो बी फसलीचाच, मग तो बी गेला का? सगळी सभा हसली. मोहनरावांनी घाईघाईनं दुष्काळी कामाचा विषय काढला.
घरी येऊन आईनं राखेनं बिल्ला घासला आणि मग पदर डोळ्यांना लावून खूप रडली. मला वाटलं आनंदानं. तेव्हा तिनं सांगितलं, की मोहनरावांच्या दारापुढं आलं की बाबांना खाली उतरावं लागायचं. स्वतःची सायकल, पण हातात धरून चालायचे.
जयंतीला येशील तेव्हा घाटनांदूरच्या स्टेशनवर मी सायकल घेऊन उभी राहीन. आईचा हुकूम आहे, त्याच रस्त्यानं ये आणि त्या दारापुढं घंटी वाजव.
लोभ असावा, आणि दोन्ही पाय पायडलवर असावेत.
तुझी ताई, सिंधू